टक् झाल्यानंतरचा पाव फेरा

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी घाबरू नका. मी बरी आहे, नोकरी शाबूत आहे आणि कुणाबरोबर पळूनही गेलेली नाही. तुम्हाला माझ्या फोनची सवय आहे, पत्राची नाही. पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता, ‘बोल गं वायसर’. मी विचारते, जेवलात का. तुम्ही विचारता, तू जेवलीस का. दोघंही जेवलोय एवढं पक्कं झालं की आपण फोन ठेवतो. गेल्या आठवड्यात असे चार फोन झाले. चारही वेळा मला एकच गोष्ट सांगायची होती आणि चारही वेळा मी जेवणापाशीच अडकले. म्हणून लिहायला घेतलं आहे. कुठे बसून लिहिते आहे ते शेवटी सांगेन. इथलं टेबल डुगडुगतं. एका पायाखाली मी कागदाची घडी सरकवली, तरी अक्षर वाकडंच येतंय. तेव्हा दोष टेबलाचा नसावा.

मला आलेले पहिले दोन इंग्रजी शब्द आठवतात तुम्हाला? पहिलीत बाईंनी विचारलं होतं, कुणाला इंग्रजी येतं का. कुणी मांजर सांगितलं, कुणी सफरचंद, सगळे चित्रांच्या पुस्तकातले शब्द. मी हात वर करून म्हणाले, ‘लूज’ आणि ‘टाइट’. बाई हसत खुर्चीत मागे रेलल्या. हे कुठल्या पुस्तकातलं, म्हणाल्या. मी म्हटलं, बाबांच्या. मला खरंच वाटायचं की हे शब्द तुमच्याच मालकीचे आहेत आणि रिकाम्या डब्याबरोबर रोज बसडेपोतून घरी येतात. खिडकीची कडी लूज. समोरच्यांचा मुलगा अभ्यासात लूज. सरकार तर कायमच लूज. आणि टाइट म्हणजे जगातलं जे जे चांगलं ते सगळं. भाजी जमली की टाइट, माझी वेणी टाइट. दहावीत मला डिक्शनरी बक्षीस मिळाली तेव्हा तुम्ही जिन्यात उभे राहून शेजारच्यांना सांगितलंत, ‘आमची पोरगी एकदम टाइट आहे,’ आणि ते बिचारे चार दिवस माझ्या तोंडाला वास येतोय का ते बघत होते.

त्या डिक्शनरीत मी सगळ्यात आधी तुमचेच शब्द काढून पाहिले होते. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण मला जरा फसवल्यासारखं वाटलं होतं. पुस्तकातला टाइट तुमच्या टाइटसारखा नव्हता. तिथे बूट टाइट होऊन पाय सोलत होते, भीतीनं छाती टाइट होत होती, ओठ टाइट मिटून कुणीतरी काहीतरी लपवत होतं. आणि लूजच्या रकान्यात मोकळे सोडलेले केस होते, दोरी तोडून सुटलेलं वासरू होतं, बांधणी नसलेल्या वहीची सुटी पानं होती. मी ठरवून टाकलं की पुस्तकवाल्यांना डेपोतलं काही कळत नाही. पण घरातच आई तुमच्या उलट बोलायची ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. माझा फ्रॉक शिवायला टाकताना ती शिंप्याला दर वर्षी बजावायची, ‘लूज ठेवा हं, वाढत्या अंगाची आहे.’ आईच्या तोंडी लूज म्हणजे वाढायला ठेवलेली जागा. मी स्कूटरवर तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचे आणि म्हणून तुम्ही मला वायसर म्हणायला लागलात. नट खालच्या लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये घालतात ती चकती. भांडणातही तुम्ही मला मध्येच बसवायचात, तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं.

आता डेपोकडे येते. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला सुट्टीच्या दिवशी तिथे नेलं होतंत. माझ्या उंचीची चाकं होती. प्रत्येक चाकाला दहा स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या जाड सळया, आणि त्यांवर दहा नट. निवांतकाका तेव्हा चाकावर काम करत होते. त्यांचं खरं नाव मला मोठेपणी कळलं. चहा ते इतक्या सावकाश प्यायचे की शेवटचा घोट कायम थंड असायचा, त्यावरून डेपोनं त्यांना निवांत केलं होतं. त्यांच्या हातात जोर मोजणारा तो लांब पाना होता. आकडा लावून ठेवायचा, आणि तेवढा जोर नटावर पोचला की दांड्यातून टक् आवाज येतो. टक् म्हणजे पुरे. आवाज आला की काका हात असा अलगद काढायचे, जसा झोपलेल्या बाळाच्या अंगावरून काढावा. मग तुम्ही पुढे झालात. तुमचंही टक् झालं. पण तुम्ही थांबला नाहीत. भिंतीला टेकवलेला पाइप घेतलात, साध्या पान्याच्या दांड्यावर चढवलात आणि सगळं अंग टाकून नट आणखी पाव फेरा फिरवलात. काका म्हणाले, ‘अरे, टक् झालं ना!’ तुम्ही म्हणालात, ‘टक् पान्याचं झालं. माझं अजून व्हायचंय.’ सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले.

नंतर तुम्ही हिरव्या रंगाचा बारीक ब्रश घेतलात आणि स्टडच्या टोकावरून नटावर एक सरळ रेघ ओढलीत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, हे मला समजावून सांगितलंत. रेघ डेपोतले सगळेच ओढतात. पण तुमच्या रेघेला शेवटी एक छोटा आकडा असतो, मांजरानं शेपटी वळवावी तसा. ती तुमची सही. मग माझ्या कानात म्हणालात, ‘ही गाडी तुझ्या शाळेवरून जाते. दहा नटांना दहा पाव फेरे, माझ्या वायसरच्या नावाचे.’ त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत मी त्या बसमध्ये पुढच्या डाव्या चाकावरच्या सीटवरच बसत आले. ती सीट खडखडते, पाय नीट ठेवता येत नाहीत, मैत्रिणी वैतागायच्या. मी कारण सांगितलं नाही. कुणाच्या बाबांनी कुणासाठी काय काय केलेलं असतं, माझ्या बाबांनी चाक आवळलं होतं.

ती रेघ मग घरभर पसरली. सिलिंडरवर, सायकलवर, मिक्सरच्या बुडाला. माझी पदवी आली, आपल्या घरातली पहिली, तेव्हा तुम्ही फ्रेम आणलीत आणि चार स्क्रूंनी भिंतीवर बसवलीत. चौथ्या स्क्रूला काचेचा कोपरा तडकला. आई म्हणाली, ‘झालं समाधान?’ तुम्ही म्हणालात, ‘काचच लूज होती.’ आणि चारही स्क्रूंवर हिरवी रेघ ओढून मोकळे झालात. आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबा, त्या तड्यावर मी आता हसू शकत नाही.

दीड महिन्यापूर्वी त्याच मार्गावरच्या बसचं पुढचं डावं चाक उतारावर निखळलं. बस एका थांब्याच्या भिंतीवर घासत गेली. माणसं वाचली, पण पुढे बसलेल्या तिकीटवाल्या ताईंचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. मला हे तुमच्याकडूनच कळलं, आणि बाकीचंही. चाक अकरा दिवस आधी तुम्ही बसवलं होतंत. दोन दिवसांनी नियमाप्रमाणे निवांतकाकांनी नट पुन्हा तपासले आणि सही केली. शेवटची सही त्यांची, म्हणून त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. तुम्ही फोनवर सांगत होतात, आवाज चढला होता: ‘मी चौकशीत छातीठोक सांगितलं, मी टाइट केलं होतं! नंतर हात लागला निवांतचा. त्यानंच लूज ठेवलं असणार. माणूसच लूज.’ आणि पुढे हसून म्हणालात, ‘तपासताना मलाच म्हणतो कसा, अरे पाना हलायच्या आत टक् म्हणतोय. मी म्हटलं, मग? टाइट आहे म्हणूनच ना!’

त्या वाक्यावर मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. तुम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. निवांतकाका त्या दिवशी तुम्हाला काहीतरी विचारत होते, बाबा. पाना हलायच्या आत टक् होतंय याचा अर्थ जोर आधीच त्या आकड्याच्या पलीकडे गेलेला आहे. पान्याला आणखी आवळायला काही उरलेलंच नाही. पण नट सोडून बघायला ते तुमच्या रेघेला हात लावणार नव्हते. वीस वर्षांत त्यांनी तुमच्या रेघेवर कधी शंका घेतली नाही, आणि तुम्ही मात्र चौकशीत एका मिनिटात त्यांना लूज ठरवलंत. तुम्ही मुद्दाम खोटं बोलला नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्हाला तसंच वाटतं. सगळ्या डेपोला तसंच वाटतं. सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा माणूस, त्याच्या हातून लूजच राहणार. त्यांच्यावर तो शब्द आपण सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं चिकटवला की चाक निसटल्यावर कुणाला पुरावा शोधायची गरजच पडली नाही. त्यांनी एवढंच म्हटलं म्हणे, ‘मला घाई नाही. पण एकदा लोखंडाला विचारा.’ त्यावरही तुम्ही लोक हसलात.

पण कुणीतरी खरंच ते लोखंड तपासायला पाठवलं. ते आमच्याच लॅबमध्ये आलं.

आमच्याकडे दहा ठिकाणांहून तुटकं लोखंड येतं, पाइप, साखळ्या, स्प्रिंगा. मागच्या मंगळवारी माझ्या टेबलावर एक जाड प्लास्टिकची पिशवी आली. वर नुसता नंबर. आत सहा तुटलेले स्टड, टोकाकडचे तुकडे, प्रत्येकावर नट अजून बसलेला; बाकीचे चार रस्त्यात सापडलेच नव्हते. मी पहिला तुकडा दिव्याखाली धरला आणि मला हिरवी रेघ दिसली. शेवटी शेपटी. माझ्या हातून तो टेबलावर पडला. शेजारचा सहकारी म्हणाला, ‘काय, चावला की काय?’ मी हो म्हटलं.

बाबा, सहाही रेघा अखंड होत्या. स्टडच्या टोकावरून निघून नटावर सरळ उतरलेल्या, कुठेही न तुटलेल्या. तुम्हीच शिकवलंत त्याचा अर्थ. नट तसूभरही फिरले नव्हते. काही लूज झालेलं नव्हतं. निवांतकाकांच्या हातून काहीही राहिलेलं नव्हतं. आणि जिथे स्टड तुटले होते तिथे ते कमरेत बारीक झाले होते, चघळलेली गोळी दोन्हीकडून ओढली की मधून बारीक होते तसे. आटे एकमेकांपासून लांब ओढलेले. लोखंड असं दिसतं ते एकाच कारणानं. ते त्याच्या ताकदीपलीकडे ओढलं गेलेलं असतं. एकदा नाही, दर वेळी चाक निघालं आणि बसलं, तेव्हा तेव्हा. त्या तुकड्यांत मला वर्षानुवर्षांचे पाव फेरे दिसत होते. माझ्या नावाचे.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी आम्हाला एक यंत्र दाखवलं होतं. दोन जबड्यांत लोखंडाची सळई धरायची आणि हळूहळू ओढायचं. सर म्हणाले, बघा, सोडलं की परत मूळ लांबीला येते. आणखी ओढलं, परत आली. मग एका ठिकाणी काटा जरासा थबकला आणि सर म्हणाले, ‘आता सोडलं तरी ही परत येणार नाही. दिसायला तशीच आहे, पण आतून हिचं काम संपलं.’ आणखी ओढल्यावर ती कमरेत बारीक झाली आणि बंदुकीसारखा आवाज होऊन तुटली. सगळा वर्ग दचकला. मी त्या आवाजाआधीच दचकले होते, काटा थबकला तेव्हा. मला तुमचा पाइप आठवला होता. नट आवळतो म्हणजे आपण स्टडला ओढतच असतो. टक् ही ती जागा आहे जिथपर्यंत ओढलं तर लोखंड घट्ट धरून ठेवतं. त्यापुढचा पाव फेरा त्याचं बळ वाढवत नाही, काढून घेतो. बाबा, मला हे तीन वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्या सुट्टीत मी घरी आले ती हे सांगायचं ठरवूनच. तुम्ही मला डेपोत घेऊन गेलात. सगळ्यांना गोळा केलंत आणि म्हणालात, ‘आमची वायसर आता लोखंड वाचते!’ तुमचा चेहरा असा खुलला होता की ठरवून आणलेलं वाक्य मी मागे ठेवलं. निवांतकाका चहाचा थंड कप धरून उभे होते. म्हणाले, ‘मग वाच की बाबाचं लोखंड एकदा. टक् झालं तरी थांबत नाही गडी.’ सगळे माझ्याकडे बघत होते. दार उघडून दिलं होतं त्यांनी मला, एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी म्हणाले, ‘काका, ते माझ्या नावाचे पाव फेरे आहेत, त्यांना काही बोलायचं नाही.’ केवढे हसले सगळे! तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. घरी येताना स्कूटरवर मी स्वतःला समजावत राहिले की बापाला चार माणसांत शिकवणारी मुलगी व्हायचं नाही. एकांतात सांगू. मग एकांतही आले, अनेक आले, आणि आपण जेवणाचं विचारून फोन ठेवत राहिलो. ओठ टाइट मिटून लपवणारं माणूस डिक्शनरीत होतं ना, ती मी. शिकलेल्या माणसानं खरं बोललं पाहिजे म्हणून मी वक्तृत्वात बक्षीसही घेतलंय, तुमच्या कपाटात आहे तो कप.

आणखी एक कबूल करते. पिशवी आली तेव्हा मी लगेच काही शहाण्यासारखं वागले नाही. दोन दिवस ती ड्रॉवरमध्ये होती. आमच्या अहवालात नेहमी वापरायची एक ओळ आहे: नट सैल राहिल्याची शक्यता नाकारता येत नाही. ती मी एकदा कागदावर लिहून पाहिली. कुणी विचारलं नसतं. संशयाचा काटा तुमच्यापासून कायमचा दूर गेला असता आणि निवांतकाका अकरा महिने आधी घरी बसले असते, एवढंच. मी तो कागद फाडला, मग त्याचे तुकडे पुन्हा लावून वाचले, मग पुन्हा फाडले. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या, ही रेघ माझ्या वडिलांची आहे. त्या म्हणाल्या, इतक्या खात्रीनं कशी सांगतेस? मी म्हटलं, माझ्या पदवीच्या फ्रेमवर चार आहेत. मॅडमनी माझ्याकडून पिशवी मागून घेतली. मग त्यांनी रेघेचं काही न सांगता पिशवी त्या चावला-की-काय विचारणाऱ्या सहकाऱ्याला दिली. त्यानं दोन दिवस घेतले आणि मी जे लिहिलं असतं तेच लिहिलं. अहवाल तयार आहे.

तरीही मी अहवाल येऊ देत म्हणून गप्प बसले असते कदाचित. पण परवाच्या फोनवर तुम्ही म्हणालात, ‘आता मी पाव नाही, सगळ्या गाड्यांना सरसकट अर्धा फेरा देतोय. कुणाचं बोट माझ्याकडे नको.’ तेव्हापासून मला जागेवर बसवत नाही. रस्त्यात बस दिसली की माझी नजर चाकावर जाते. मी राहते त्या गावातल्या बसचा तुमच्याशी काही संबंध नाही, तरी जाते.

तुम्ही मला माझ्या खोलीवर सोडायला आला होतात, आठवतं? जाताना सगळं तपासलंत. मोरीतला नळ ठिबकत होता, तो पक्कडीनं आवळलात आणि म्हणालात, ‘आता थेंब पडायचा नाही.’ तुम्ही गेल्यावर तो नळ मला उघडेना. तीन दिवस मी खालच्या आजींकडून बादली आणली. चौथ्या दिवशी प्लंबर आला, म्हणाला, कुणी पैलवान आला होता का घरी? आतली चकती चिरडली होती. म्हणजे वायसरच. तुम्ही फोनवर विचारलंत, नळ कसा आहे, मी म्हणाले, टाइट. अशी मी तुम्हाला सतत बरं वाटेल ते सांगत आले. तुम्हाला प्रेम करायचं म्हणजे आवळायचं एवढंच येतं, आणि मला प्रेम करायचं म्हणजे त्यावर गप्प राहायचं. ताईंचा पाय मात्र आपल्या दोघांच्याही प्रेमात नव्हता, बाबा.

आता कुठे बसले आहे ते सांगते. मी रजा टाकून आले आहे आणि तुमच्या डेपोच्या फाटकाशेजारच्या खोलीत बसले आहे. फाटकावरच्या मामांनी ओळखलं. म्हणाले, ‘तू ती लोखंड वाचणारी ना? मोठी झालीस गं.’ पण चौकशी चालू असल्यामुळे बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, शिफ्ट सुटेपर्यंत थांब म्हणाले. तुमचा फोन लॉकरमध्ये. म्हणून मामांकडून पेन आणि कागद मागून घेतले, कारण चार वाजता तुम्ही समोर आलात की मी पुन्हा जेवणाचंच विचारेन. अहवाल उद्या अकरा वाजता इथे पोचेल. त्याआधी तुम्ही स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पाव फेऱ्याचं सांगावं आणि निवांतकाकांच्या घरी जावं, एवढं मागायला आले आहे. आधी कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. दोन्हीकडे मी बरोबर येईन, आणि मला तीन वर्षांपूर्वी कळलं होतं हे दोन्हीकडे मी माझ्या तोंडानं सांगेन. तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. माझ्याशी तुम्ही किती दिवस बोलणार नाही तेही माहीत नाही. खिडकीच्या जाळीतून तुम्ही मला दिसताय. पाठमोरे आहात, खांदे जरा उतरल्यासारखे वाटतात, की मीच बरेच दिवसांनी पाहतेय. तुमच्यापुढे चाक आहे, पान्याचा आवाज इथपर्यंत येतोय, सहा झाले, सात, आठ. मी चारपर्यंत थांबणार होते. दहावं टक् झालं. तुम्ही भिंतीजवळ गेलात, पाइप उचललात. मामा नको म्हणतील, म्हणू देत. बाबा, टक् झालंय, आता हात काढा. मी हे हातात घेऊन धावत येतेय.

तुमचीच,
वायसर